छप्पन अंशांचा दिवस आणि नववीचा वर्ग

सप्रेम नमस्कार ताई,

मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला गणित आणि भूगोल शिकवते. एका प्रशिक्षणात सरकारच्या खुल्या आकडेवारीबद्दल ऐकलं आणि मनापासून आवडलं. घरी येऊन डेटा डॉट जीओव्ही डॉट इन उघडलं, जनगणनेची पानं पाहिली. वाटलं, पुस्तकातल्या रचलेल्या उदाहरणांऐवजी मुलांना खरे आकडे देऊ. पुढच्याच आठवड्यात नववीत प्रोजेक्टर लावला. नेट दोनदा गेलं. मग पडद्यावर हजारेक ओळींचा इंग्रजी तक्ता आला आणि ५२ मुलं गप्प झाली. मागच्या बाकांवर जांभया सुरू झाल्या. कुही तालुक्यातून शिकायला मावशीकडे राहणारा एक मुलगा तेवढा पुढे आला. त्याने स्वतःच्या गावाची ओळ शोधली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, याच्यात आमच्या गावात पोस्ट आहे म्हणते. पोस्ट तं नाही ना जी.’’ मी ‘‘असेल काहीतरी चूक’’ म्हणून पुढे गेले. ते मला अजून टोचतं आहे. मुख्याध्यापिका म्हणतात, अभ्यासक्रम मागे पडतो आहे. एक सहकारी सर म्हणाले, सरकारी आकड्यांत चुका काढायला मुलांना शिकवाल तर अंगाशी येईल. सोडून देऊ का?

– एक शिक्षिका, नागपूर

मॅडम, सोडू नका.

तो तास फसला असं तुम्ही लिहिता. पण त्याच तासाला एक मुलगा उठून म्हणाला की कागदावर आहे ते माझ्या गावात नाही. मी २८ वर्षं शिकवलं, आणि असं वाक्य मुलाच्या तोंडून आपणहून फार थोड्या वेळा ऐकलं. त्या मुलाकडे मी शेवटी येते. आधी नेट, इंग्रजी तक्ता आणि बावन्न मुलं यांची सोय लावू.

संकेतस्थळ वर्गात उघडूच नका. सरकारने २०१२ मध्ये माहिती खुली करण्याचं धोरण आणलं आणि त्यातून हे संकेतस्थळ उभं राहिलं. ते धान्याचं कोठार आहे. कोठारात कोणी पंगत बसवत नाही, लागेल तेवढा शिधा काढून आणतो. घरी निवांत बसून तक्ता उतरवून घ्या आणि बेधडक कापा. नागपूर जिल्ह्याचे १४ तालुके ठेवा, बाकीच्या ओळी काढून टाका. रकाने पाच पुरे: एकूण लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, शून्य ते सहा वयाची मुलं, साक्षर. मोठ्या अक्षरात एका पानावर छापा. चार मुलांत एक पान, म्हणजे तुमच्या वर्गाला १३ झेरॉक्स लागतील. प्रोजेक्टरची गरज नाही आणि नेट गेलं तरी काही अडत नाही.

इंग्रजी मथळे मात्र काढू नका. ‘पी ०६’ म्हणजे शून्य ते सहा वयाची मुलं, ‘पी लिट’ म्हणजे साक्षर, हे मुलांनाच ओळखू द्या आणि त्यांच्याकडूनच फळ्यावर कोश करून घ्या. दहा मिनिटं लागतात आणि त्यानंतर तो तक्ता त्यांना परका वाटत नाही. एक तांत्रिक अडचण आधीच सांगून ठेवते. राज्य सरकारच्या काही पानांवर आकडे देवनागरीत असतात. ते जसेच्या तसे एक्सेलमध्ये चिकटवले तर एक्सेल त्यांना अक्षरं समजतं आणि बेरीज शून्य दाखवतं. इंग्रजी अंकांत बदलून घेतले की काम होतं. मी एकदा यात पूर्ण संध्याकाळ घालवली होती.

आता सुरुवात कशाने करायची? माझं मत विचाराल तर जनगणनेने नको. तुमची शाळा पूर्व नागपुरात आहे, कळमना मार्केट जवळ. तुमच्या वर्गात असं एखादं तरी मूल असेलच, ज्याच्या घरचं कोणी तिथे हमाली करतं, भाजी उचलतं किंवा गाडी चालवतं. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव मराठीत असतात: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. केंद्राच्या ॲगमार्कनेटवरही तेच भाव मिळतात. टोमॅटो घ्या. संत्रं घेण्याचा मोह होईल, पण ते आंबिया आणि मृग या दोन बहारांपुरतंच येतं, आणि मधल्या महिन्यांत तक्ता रिकामा राहिला की मुलांचा रस जातो. टोमॅटो बाराही महिने असतो.

एक मूल रोज सकाळी भाव वर्गातल्या तक्त्यावर लिहील. दुसरं मूल आपल्या गल्लीतल्या ठेल्यावरचा किलोचा भाव लिहील. बाजारातला दर क्विंटलचा, म्हणजे १०० किलोचा. तो किलोवर आणायचा आणि शेजारी मांडायचा. आठवडा झाला की दोन रेषांचा आलेख काढायचा. त्या दोन रेषांमधलं अंतर पाहून मुलं जे प्रश्न विचारतील ते मी आज लिहून देऊ शकत नाही, पण विचारतील हे नक्की. त्या अंतरात कोणाचा रिक्षाभाडं देणारा बाप असतो, कोणाची सडका माल वेगळा काढणारी आई असते.

आणि सर्वसाधारण दरावर थांबा, जरा जास्त वेळ थांबा. समजा कमीत कमी दर १२०० आहे, जास्तीत जास्त ३००० आणि सर्वसाधारण २६००. मुलं आधी दोन टोकं मिळवून दोनने भागतील. उत्तर येईल २१००, आणि पुस्तकाने शिकवलेली सरासरी चुकली असं त्यांना वाटेल. तेव्हा सांगा की सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावात जास्तीत जास्त माल गेला तो दर, म्हणजेच आपला बहुलक. मध्य, मध्यक, बहुलक हे तिन्ही शब्द नववीच्या सांख्यिकीत आहेत. बहुलक मात्र मुलं दरवर्षी पाठ करतात आणि विसरतात, कारण त्याचा उपयोग त्यांनी कधी पाहिलेला नसतो. कळमन्यात रोज तोच सांगितला जातो, कारण शेतकऱ्याला आपला माल कोणत्या भावाने जाण्याची शक्यता जास्त, हे जाणून घ्यायचं असतं. एखाद्याचा ओला, डागी माल १२०० ला गेला म्हणून बाकीच्यांनी घाबरायचं कारण नसतं.

हे महिनाभर झालं की जनगणनेकडे या. तिथे एक गणित मी प्रत्येक वर्गाला घालायचे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ आणि साक्षर ८,१५,५४,२९०. टक्केवारी काढा म्हटलं की हुशार मुलं ७२.५७ आणतात. सरकार म्हणतं ८२.३४. एकदम दहा टक्क्यांचा फरक. मुलं आधी आपली चूक शोधतात, मग सरकारची. कोणाचीच नसते. साक्षरता सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकांतच मोजतात, म्हणून शून्य ते सहा वयाची १,३३,२६,५१७ मुलं आधी वजा करायची आणि मग भागायचं. करून पाहा, बरोब्बर ८२.३४ येतं. ‘भागलं कशाने?’ हा प्रश्न एकदा मुलांच्या अंगात भिनला की वर्तमानपत्रातली कुठलीही टक्केवारी ती तशीच गिळत नाहीत. मग आपल्या १४ तालुक्यांचं त्यांनीच करायचं. भिवापूर एका बाकाला, नरखेड एका बाकाला.

यानंतरचा प्रश्न: मोजलं कोणी? याचं उत्तर तुमच्या स्टाफरूममध्येच बसलेलं असेल. जनगणनेला प्रगणक म्हणून दारोदार जाणारे बहुतेक आपणच, शिक्षक. फेब्रुवारी २०११ मध्ये मीही गेले होते. एका दारात नवरा सांगत होता, ‘‘ती काही करत नाही, घरीच असते.’’ मागे ती बाई पापड लाटत होती आणि भिंतीशी व्यापाऱ्याकडे जाणाऱ्या पापडांचे डबे रचलेले होते. मी तिलाच विचारलं, किती महिने करता हे काम? ती म्हणाली, पावसाळा सोडून. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असेल तर ‘मुख्य काम करणारी’, कमी असेल तर ‘सीमांतिक’, अशी व्याख्या आहे. ती मुख्य कामात गेली. मी तो एक प्रश्न विचारला नसता तर माझ्या हातून ती ‘काम न करणारी’ म्हणून देशाच्या नोंदीत गेली असती. ती भीती मला अजून आहे, कारण त्या दिवसांत थकून मी किती दारांत तो प्रश्न विचारला नसेन, हे मला सांगता येणार नाही.

हे मुलांना सांगा. किंवा ज्या सरांनी तुम्हाला घाबरवलं त्यांनीही कधी गणती केली असेल, तर त्यांनाच वर्गात बोलवा आणि त्यांच्या तोंडून ऐकवा. २०२१ ची जनगणना लांबली आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. तुमच्या मुलांच्या घरीही कोणीतरी येईल, आणि त्या दिवशी आईच्या कामाबद्दल उत्तर देताना हीच मुलं जवळ उभी असतील.

स्वयंपाक, धुणी, पाणी भरणं मात्र जनगणनेच्या या ‘कामा’त धरत नाहीत. मुली हे विचारतीलच. त्यांच्यासाठी २०१९ चं राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षण आहे: घरातल्या बिनपगारी कामांत ती कामं करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. सर्वेक्षणात पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने लिहून घेतात. मुलांनी घरातल्या एका मोठ्या माणसाचा एक रविवार तसाच लिहून आणावा, त्या माणसाला विचारून. वर्गात नावं वाचायची नाहीत, फक्त मिनिटं.

आता सरांच्या भीतीबद्दल. ३० मे २०२४ आठवतो? रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नागपूरचं तापमान ५६ अंश दाखवलं आणि सोनेगावच्या केंद्राने ५४. देशभर बातमी गेली. इतर केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. हवामान खात्याने स्वतःच सांगितलं की त्या दोन ठिकाणचे संवेदक (सेन्सर) नीट चालत नव्हते. म्हणजे सरकारचाच आकडा सरकारनेच तपासला आणि बाजूला ठेवला. कसा ओळखला असेल? हाच प्रश्न मुलांना घाला. शेजारचं केंद्र काय म्हणतं ते पाहा. आधीचा इतिहास पाहा: २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि आपलं शहर त्या उन्हाळ्याची आठवण अजून काढतं. त्याच्याही वर आठ अंशांची उडी एका दुपारी आणि तीही शहराच्या दोनच कोपऱ्यांत? नववीचं मूल हे स्वतः बांधू शकतं. आकडा तपासणं हे त्या खात्यातल्या लोकांचं रोजचं काम आहे. तेच काम मुलं शिकत आहेत, एवढं सरांना शांतपणे सांगा.

हवेच्या प्रदूषणाचंही असंच करता येईल. महाल, रामनगर, अंबाझरी, सिव्हिल लाइन्स इथे केंद्रं आहेत आणि त्यांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर दिसतात. आकडा वाचायच्या आधी आपल्या शाळेपासून सगळ्यात जवळचं केंद्र किती किलोमीटरवर आहे हे नकाशावर मोजायला लावा. तेवढाच एक तास पुरतो.

वापराची परवानगी हवी का, अशीही शंका कोणी काढेल. खुल्या सरकारी माहितीसाठी २०१७ पासून परवाना ठरलेला आहे. स्रोत लिहिला की ती वापरता येते. म्हणून प्रत्येक तक्त्याखाली मुलांनी दोन गोष्टी लिहायच्याच: माहिती कुठून घेतली आणि कोणत्या तारखेला घेतली. वहीत मार्जिन मारतात तितकं हे अंगवळणी पडू द्या.

पण एका बाबतीत मी तुम्हाला अडवते आहे. सगळं उघडं आहे म्हणून सगळं वर्गात आणायचं नसतं. रोजगार हमीच्या संकेतस्थळावर मजुरांची नावं, कुटुंबं, मजुरीचे दिवस दिसतात. सातबाऱ्यावर जमीन कोणाची ते दिसतं. पडद्यावर एखाद्या मुलाच्या वडिलांचं नाव आलं आणि मागून कोणी हसलं, तर ते मूल पुन्हा तुमच्या तासाला मान वर करणार नाही. ज्या माहितीत माणसाचं नाव आहे ती वर्गाबाहेर ठेवा, कितीही उपयोगी वाटली तरी. गावनिहाय तक्त्यात अनुसूचित जाती-जमातींची संख्याही असते. लहान गावात ती संख्या म्हणजे ओळखीची घरं असतात. तो रकाना जिल्ह्याच्या पातळीवर शिकवा, गावाच्या पातळीवर नको. मी हे एकदा न कळून केलं होतं आणि एका मुलीचा चेहरा पाहून थांबले होते.

मुख्याध्यापिकांची तक्रार खरी आहे, ती उडवून लावू नका. पाठ्यपुस्तकच घेऊन त्यांच्याकडे जा. प्राथमिक सामग्री आणि दुय्यम सामग्री हे नववीच्या सांख्यिकीतले शब्द आहेत: ठेल्यावर विचारून आणलेला भाव प्राथमिक, पणन मंडळाचा दुय्यम. आठवीच्या भूगोलात लोकसंख्येचा धडा आहे. तुम्ही वेगळे तास मागत नाही, त्याच धड्यातली उदाहरणं बदलता आहात. नियोजन वहीत तसंच लिहा आणि आठवड्यातला एकच तास ठरवा. त्यांना तुमच्या बाजूला आणायचं असेल तर आणखी एक वाट आहे. प्रत्येक शाळेला यूडायसचा, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीनोंदीचा, ११ अंकी क्रमांक असतो आणि त्यावर शाळेच्या खोल्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालय यांची नोंद पाहता येते. मुलांना डोळ्यांनी पडताळता येईल अशी याहून चांगली माहिती दुसरी नाही. मात्र ती आधी त्यांना एकट्यांना दाखवा, मुलांना नंतर. नोंद भरणारं माणूसही शाळेतलंच असतं, आणि फरक निघाला तर तो दुरुस्त करायची संधी त्यांना आधी मिळायला हवी. पहिल्या दोन महिन्यांत हे नको.

आणि आता तो मुलगा. त्याने पाहिलेली नोंद बहुधा २०११ च्या जनगणनेतल्या गावनिहाय सोयींच्या यादीतली असेल. तेव्हा तो पाळण्यात होता. त्यामुळे तीन गोष्टी शक्य आहेत. पोस्ट तेव्हा होतं आणि नंतर बंद झालं. किंवा कोणाच्या घरात एक पेटी आणि शिक्का घेऊन बसणारं शाखा डाकघर होतं, ज्याला गावातली मुलं पोस्ट म्हणून ओळखतच नव्हती. किंवा नोंदच चुकली. यातलं काय खरं, ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. ते शोधू शकणारा माणूस वर्गात एकच आहे.

त्याला सोमवारी बोलवा आणि सगळ्यांसमोर सांगा, ‘‘मागच्या वेळी तू विचारलंस तेव्हा मी नीट ऐकलं नाही. तुझा प्रश्न महत्त्वाचा होता.’’ बाई असं म्हणाल्या हे वर्ग वर्षभर विसरणार नाही. मग त्याला एक कोरं पान द्या, तीन रकान्यांचं: नोंदीत काय आहे, मी काय पाहिलं, कोणाला विचारलं. प्रत्येक ओळीपुढे तारीख. बसथांबा, दवाखाना, बँक, पोस्ट, नळाचं पाणी, एवढ्या पाच ओळी पुरेत. दिवाळीला तो कुहीला जाईल तेव्हा आजीला विचारेल, सरपंचांना विचारेल, पोस्टाची पेटी कोणाच्या ओसरीवर टांगलेली होती ते शोधेल. गावाकडून शिकायला आलेली आणखी चार-सहा मुलं वर्गात निघतीलच, त्यांनाही तीच पानं द्या.

सुट्टीनंतरचा पहिला तास त्या मुलाचा ठेवा. प्रोजेक्टर लावू नका, खडू त्याच्या हातात द्या. आणि त्याच्या आजीने काय सांगितलं ते मला नक्की कळवा, मलाही ते जाणून घ्यायचं आहे.